झाडपाला, काढे आणि त्यामागचं संशोधन: मेडिकलच्या काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात औषधाच्या दुकानाला 'मेडिकल' म्हणतात. माझं तसं एक आहे, आणि काउंटरच्या आत उभं राहून मला सत्तावीस वर्षं झाली. डॉक्टरांना विचारायला माणसं बिचकतात. मला विचारतात, तेही सुटे पैसे परत घेताना, जाता जाता. मागे गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, म्हणून तिथे अर्धंच उत्तर देता येतं. उरलेलं अर्धं इथे लिहिलंय. मी डॉक्टर नाही आणि वैद्यही नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकलोय आणि शोधनिबंध वाचायची सवय आहे, एवढंच.

आजीच्या काळापासून घेतोय की आम्ही. मग चाचणी कशाला पाहिजे?

या प्रश्नाला मी नेहमी काविळीच्या माळेचं उदाहरण देतो. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती, तेव्हाच्या आठवणी इकडे अजून ताज्या आहेत. आपल्या भागात कावीळ झाली की काही घरांत अजूनही डोक्यावर किंवा गळ्यात काड्यांची माळ घालतात. माळ दिवसागणिक लांबत जाते आणि पोटापर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. माळ खरंच लांबते, त्यात खोटं काही नाही. पण ती लांबते कारण ओल्या काड्या सुकून बारीक होतात आणि त्यांच्याभोवतीचे फास सैल पडतात. खुंटीला टांगून ठेवली तरी लांबेल. आणि दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेक जणांत काही आठवड्यांत आपोआप उतरते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात आणि श्रेय माळेला जातं.

सर्दी, पाठदुखी, आम्लपित्त, सांधे धरणं, सगळ्यांचं थोडंफार असंच. दुखणं शिगेला पोचलं की आपण औषध शोधतो, आणि शिगेला पोचलेलं दुखणं तसंही उतरणारच असतं. म्हणून औषध घेतलेल्यांच्या शेजारी न घेतलेले ठेवून बघावं लागतं. चाचणी म्हणजे मुळात एवढंच.

आजीच्या अनुभवाला किंमत नाही असं मी म्हणत नाही. एखादं मूळ खाऊन अर्ध्या तासात उलटी होते, हे आजीला पक्कं कळतं. पण एखाद्या चूर्णाने चार महिन्यांनी शंभरात एकाच्या यकृताला सूज येते, हे कुठल्याही आजीला, वैद्याला किंवा माझ्यासारख्या दुकानदाराला नुसत्या डोळ्यांनी कळणं शक्य नाही.

आयुर्वेदात प्रत्येकाची प्रकृती वेगळी. सगळ्यांना एकच गोळी देऊन चाचणी कशी होणार?

आक्षेप रास्त आहे. पण त्यावर तोड निघालेली आहे. कोईमतूरमध्ये आमवातावर, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसवर, एक छोटी चाचणी झाली, ती 2011 साली प्रसिद्ध झाली. रुग्ण 43, काळ 36 आठवडे, तीन गट. एका गटाला मेथोट्रेक्सेट, म्हणजे या आजारावरचं डॉक्टरांचं नेहमीचं औषध, दुसऱ्याला आयुर्वेदिक औषधं, तिसऱ्याला दोन्ही. वैद्याने प्रत्येकाला तपासून त्याच्या प्रकृतीप्रमाणे औषध लिहायचं. फक्त रुग्णाच्या हातात पडणारं औषध खरं की तसंच दिसणारं खोटं, हे ना वैद्याला माहीत, ना रुग्णाला. तिन्ही गटांत फायदा साधारण सारखाच दिसला. 43 माणसांवरून कुणी मेथोट्रेक्सेट बंद करू नये, पण 'आयुर्वेदाची चाचणी घेताच येत नाही' हे वाक्य तेव्हापासून माझ्या लेखी बाद झालं.

खरी अडचण वेगळीच असते. खोटा काढा बनवायचा कसा? हिंगाचा वास आणि कडूजहर चव असलेलं पण गुण नसलेलं पाणी तयार करणं महाकठीण. कितीतरी चाचण्या इथेच लंगड्या पडतात.

एखाद्या संशोधनात गुण आला म्हणजे सिद्ध झालं ना?

नाही. भुईआवळ्याची गोष्ट सांगतो. पावसाळ्यात रंकाळा तलावाच्या कडेला, शेताच्या बांधावर जो उगवतो तोच. 1988 मध्ये मद्रासच्या संशोधकांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निबंध छापला. हेपॅटायटिस बी अंगात मुरलेल्या 37 जणांना महिनाभर भुईआवळ्याची पूड दिली, त्यातल्या 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. खोटं औषध घेतलेल्या 23 जणांत फक्त एकाची. जगभर खळबळ उडाली. मग थायलंडपासून न्यूझीलंडपर्यंत इतरांनी करून बघितलं, आणि तसा निकाल हाती लागला नाही. पुढे सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही खात्रीचा पुरावा मिळाला नाही.

मद्रासच्या मंडळींनी लबाडी केली असं कुणी म्हणत नाही. लहान चाचणीत असं होतं. आजही मोबाईलवर फिरणाऱ्या संदेशात तो 1988 चा निबंध असतो, नंतरचे नसतात. कुस्तीत पहिली पकड बघून कुणी निकाल देत नाही, हे गंगावेशच्या तालमीतल्या पोराला सांगावं लागत नाही. औषधाच्या बाबतीत मात्र शिकलेली माणसंही पहिल्या पकडीलाच फेटा उडवतात.

हळदीचं दूध रोज पितो. गुडघ्याला फरक पडेल काय?

शेजारी सांगलीची हळदपेठ असल्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे जरा भावनेचाच आहे. हळदीवरचं अमेरिकन पेटंट भारताने 1997 मध्ये रद्द करायला लावलं, तो अभिमानही त्यात मिसळलेला असतो. तर ऐका.

संशोधन होतं ते बहुतेक कुरक्युमिनवर, म्हणजे हळदीतल्या पिवळ्या घटकावर, किंवा हळदीच्या अर्कावर. हळदीच्या पुडीत कुरक्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के. चमचाभर हळदीत म्हणजे शंभरेक मिलिग्रॅम. थायलंडमध्ये गुडघ्याच्या झिजेवर 367 जणांची चाचणी झाली, 2014 ला प्रसिद्ध झाली. त्यात रोज 1500 मिलिग्रॅम हळदीचा अर्क एका गटाला, आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक दुसऱ्या गटाला, चार आठवडे. वेदनेत दोन्ही गट जवळपास बरोबरीत राहिले आणि पोटाच्या तक्रारी हळदवाल्यांत कमी होत्या. चांगली गोष्ट आहे. पण चारच आठवडे, आणि तुमच्या कपातल्या दुधाचा त्या अर्काशी तसा संबंध नाही. दूध प्या, चांगलंच आहे, गुडघ्याचं ओझं त्याच्यावर टाकू नका.

दुसरी बाजू. कुरक्युमिन आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवलं की सोबत 20 मिलिग्रॅम पिपरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिला तर ते सुमारे 20 पट जास्त उतरतं. झालं, कंपन्यांनी हळद आणि मिरी एका कॅप्सुलात भरली. त्यानंतर इटली आणि अमेरिकेतून अशा कॅप्सुलांमुळे यकृताला सूज आल्याच्या नोंदी येऊ लागल्या. भाजीतल्या हळदीने असं झालेलं नाही. जे रक्तात उतरत नव्हतं ते उतरवलं की गुण आणि दोष दोन्ही उतरतात.

गुडघ्यावर आपल्या देशात काही मोठं काम झालंय का?

झालंय, आणि ते मला फार आवडतं. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी 440 रुग्णांवर 24 आठवडे चाचणी घेतली, निबंध 2013 चा. सुंठ, गुळवेल, आवळा, शल्लकी अशा अर्कांची दोन आयुर्वेदिक मिश्रणं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही आपण नेहमी विकतो ती औषधं. वेदना आणि हालचाल या दोन्हीत आयुर्वेदिक मिश्रणं त्यांच्या बरोबरीला उतरली.

पण मला तो निबंध आवडतो तो पुढच्या भागासाठी. आयुर्वेदिक औषध घेणाऱ्या सात जणांचं एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या तपासणीतला आकडा, वाढलं. त्रास काहीच नव्हता, रक्त तपासलं म्हणून कळलं. त्यांचं औषध थांबवलं, आकडा पुन्हा जागेवर आला. हे सगळं निबंधाच्या सारांशातच लिहिलेलं आहे, लपवलेलं नाही. पाकिटावरच्या जाहिरातीत असे 'सात जण' कधी दिसलेत तुम्हाला?

गुळवेल दाराच्या कडुलिंबावरच आहे. कोरोनात रोज काढा घेतला. वाईट काय त्यात?

कोरोनात अख्ख्या गल्लीने घेतला, आमच्या घरीही केला. बहुतेकांना काही झालं नाही. पण 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईत सहा रुग्ण यकृताला इजा होऊन आले, आणि सहाही जण गुळवेल घेत होते. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे 43 रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी जात लोकांनी वापरली असेल. तसंही काही ठिकाणी असू शकेल. तपासणाऱ्या डॉक्टरांचा अंदाज असा की काहींच्या शरीरात स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती आधीच दडलेली असते आणि गुळवेल तिला जागं करते. प्रतिकारशक्ती 'वाढवायची' म्हणून जे घेतो, त्याने ती नको तिकडे वाढली तर काय, हा विचार कुणी करत नाही.

शरीर स्वतःवरच उलटल्याने होणारा थायरॉइडचा किंवा सांध्यांचा आजार असेल, यकृताचं काही असेल, तर महिनोन्‌महिने गुळवेल नको. अश्वगंधेबद्दलही हेच सांगेन. झोप आणि ताण यांवर तिच्या लहान चाचण्या बऱ्या आहेत, पण यकृताच्या तक्रारी नोंदल्या गेल्यात, थायरॉइडचे आकडे वाढतात आणि गरोदरपणी तर नकोच. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली.

शुगरसाठी कारल्याचा रस?

कारल्यावरच्या चार चाचण्या, 479 रुग्ण, 2012 साली एकत्र तपासल्या गेल्या. निष्कर्ष काढण्याजोगं काही मिळालं नाही. मेथीचं थोडं बरं आहे, तिच्यात तंतू भरपूर असतात. रस प्यायचा तर प्या, पण मेटफॉर्मिन, म्हणजे शुगरची गोळी, बंद करून नको. रस आणि गोळी दोन्ही घेताना साखर एकदम खाली गेली तर घाम, थरथर सुरू होते, तेव्हा साखर तोंडात टाका आणि डॉक्टरांना कळवा.

खोकल्याला मध आणि ज्येष्ठमध देऊ का पोराला?

मध द्या. रात्रीच्या खोकल्यावर मुलांमध्ये मधाच्या चाचण्या झाल्यात आणि खोकल्याच्या नेहमीच्या बाटलीपेक्षा मध कमी पडलेला नाही. माझ्या धंद्याला हे सोयीचं नाही, तरी सांगतो. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं बोटही नको. बॉट्युलिझम नावाची विषबाधा होऊ शकते. बारशाला मध चाटवणाऱ्या आत्याबाईंशी भांडावं लागलं तरी चालेल.

ज्येष्ठमधाची कांडी पोराने दोन दिवस चघळली तर ठीक. आजोबांना मात्र रोज देऊ नका. त्यातल्या ग्लिसिरायझिनने अंगात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. बीपीची गोळी चालू असून आकडा हटत नसेल तर मी आधी विचारतो, 'घशासाठी काय चघळता?'

इसबगोल, आलं, पुदिना?

ही तिन्ही पास. इसबगोल बद्धकोष्ठाला तर चालतंच, एलडीएल, म्हणजे वाईट, कोलेस्टेरॉलही थोडं उतरवतं. हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर छापायला अमेरिकेने 1998 मध्येच परवानगी दिली. भरपूर पाणी घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. गरोदरपणातल्या मळमळीवर आल्याचा उपयोग चाचण्यांत दिसलाय, दिवसाला साधारण एक ग्रॅम सुंठ एवढ्यावर. तरी आपल्या डॉक्टरबाईंना विचारूनच. पोटात मुरडा येऊन आतडं चिडणाऱ्यांना पुदिन्याच्या तेलाची, आतड्यातच फुटणारी कॅप्सूल उपयोगी पडते. पुदिन्याची चटणी ही वेगळी गोष्ट.

पाठदुखीला योगासनं की फिजिओथेरपी?

बोस्टनला 320 जणांची चाचणी झाली, 2017 ची. जुनाट पाठदुखीत दोन्ही सारखीच. जे रोज कराल ते करा.

नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट काय असणार?

धोतराही नैसर्गिक आहे.

आणि भस्मं?

तयार औषधांची तपासणी बोस्टनच्याच संशोधकांनी केली. इंटरनेटवरून घेतलेल्या 193 आयुर्वेदिक औषधांपैकी सुमारे एक पंचमांशात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. 2008 सालचा निबंध. रसौषधींमध्ये, म्हणजे धातू-खनिजं घालून केलेल्या औषधांत, हे प्रमाण सुमारे 41 टक्के. रसशास्त्राचे जाणकार म्हणतात की नीट शोधन-मारण केलेलं, म्हणजे शुद्ध करून भाजलेलं, भस्म निराळं असतं. असेलही. पण तुमच्या पुडीतलं तसं झालंय की नाही हे वास घेऊन कळत नाही. पोटात कळा, रक्त कमी होणं, हातापायाला मुंग्या, आणि सोबत महिनोन्‌महिने भस्म चालू असेल, तर रक्तातलं शिसं तपासून घ्या.

अमुक गावच्या पुडीने दोन दिवसांत सांधे मोकळे झाले. हे तर खरं ना?

दोन दिवसांत मोकळे झाले म्हणूनच मला भीती वाटते. बिननावाच्या, बिनलेबलच्या पुडीत स्टेरॉइड किंवा वेदनाशामक कुटून घातलेलं सापडण्याचे प्रकार देशभर झालेत. खूण सांगतो: भूक सणकून वाढते, चेहरा गोल होतो, शुगर चढते, आणि पुडी संपली की माणूस आडवा पडतो. अशी पुडी कित्येक महिने चालू असेल तर एका दिवसात बंदही करू नका. सीपीआर या सरकारी रुग्णालयाला किंवा आपल्या डॉक्टरांना पुडीसकट गाठा.

पाकिटावर 'क्लिनिकली प्रूव्हन' लिहिलंय, सरकारी परवाना नंबरही आहे.

ग्रंथात सांगितलेलं औषध त्याच पद्धतीने, त्याच आजारासाठी बनवायचं असेल तर परवान्यासाठी चाचणी लागत नाही, ग्रंथाचा दाखला पुरतो. नियमच तसा आहे. त्यामुळे परवाना म्हणजे 'बनवायला मुभा', 'गुण सिद्ध' नव्हे. मधुमेह, कर्करोग असे आजार बरे करतो अशी जाहिरात करायला तर 1954 च्या कायद्याने बंदी आहे. महाद्वार रोडवरच्या भिंती मात्र तो कायदा वाचत नाहीत.

चाचणी झाली म्हणतात ना, मग तिचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातली चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, 2007 पासून आहे आणि औषध नियंत्रकांनी जून 2009 पासून नोंदणी सक्तीची केली. कुणालाही फुकट बघता येते. तिथे बघा: किती माणसं, कशाशी तुलना, काय मोजायचं आधी ठरवलं होतं. वजन मोजायचं ठरवून शेवटी 'उत्साह वाढला' असं छापलं असेल तर समजून घ्यायचं.

तुम्ही केमिकलवाले, झाडपाल्याच्या विरोधातच असणार.

माझ्या कपाटात झाडपाला भरपूर आहे, फक्त नाव बदललेला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये उच्च रक्तदाबाच्या 50 रुग्णांवर सर्पगंधा वापरून निबंध लिहिला. तीन वर्षांत स्विस कंपनीने तिच्यातून रिसर्पिन वेगळं केलं. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चीनच्या जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीतून निघालं, तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं. आणि आपल्या सह्याद्रीतला नरक्या! त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्यापासून कर्करोगाची दोन औषधं बनतात. त्याच्या लाकडाची चोरटी तोड इतकी झाली की वनखात्याला पहारा द्यावा लागतो. तेच लाकूड घरी उगाळून घ्याल तर मात्र गाठ डॉक्टरांशी, कारण किती घटक पोटात गेला याचा हिशेब राहत नाही.

डॉक्टरांची गोळी आणि आयुर्वेदिक दोन्ही चालू ठेवलं तर?

बऱ्याचदा चालतं, पण काही जोड्या वाईट आहेत. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लसूण, हळद किंवा गिंको नावाच्या झाडाच्या अर्काच्या कॅप्सुला सांगितल्याशिवाय नकोत. ऑपरेशनच्या आधीही हे सांगायचंच. गुग्गुळामुळे बीपीची काही औषधं रक्तात कमी उतरतात.

आणि शंखपुष्पी. परीक्षा जवळ आल्या की स्मरणशक्तीसाठी तिच्या बाटल्या धडाधड खपतात. मुंबईच्या डॉक्टरांना दोन रुग्ण असे आढळले की फिटच्या फेनिटॉइनच्या गोळ्या नियमित घेऊनही त्यांना फिट येऊ लागल्या, आणि दोघंही शंखपुष्पी घेत होते. प्रयोगात दिसलं की तिने रक्तातलं फेनिटॉइन उतरतं. 1992 चा निबंध आहे. तरी आजवर बाटली देताना मला कुणी आपणहून सांगितलं नाही की घरात कुणाला फिटचा त्रास आहे.

डॉक्टरांना सांगितलं तर ते रागावतात. काय करू?

तोंडाने सांगूच नका. पिशवीत सगळं भरा, डबे, बाटल्या, पुड्या, लक्ष्मीपुरीच्या बाजारातून आणलेल्या काष्ठौषधींसकट, आणि टेबलावर ठेवा. रागावले तरी वाचतात.

मागे एका काकूंनी अशी पिशवी आधी माझ्याच काउंटरवर रिकामी केली. अकरा वस्तू निघाल्या. त्यांचं बीपी का हटत नव्हतं ते ज्येष्ठमधाच्या पुडीवरून लगेच कळलं. तळाशी शंखपुष्पीची अर्धी बाटली होती. 'ही माझी नाही,' त्या म्हणाल्या, 'नातवाची चुकून आली.' मी विचारलं, नातू आणखी काही घेतो का. काकू घटकाभर गप्प राहिल्या आणि मग त्यांनी सुनेला फोन लावला.